नळीची ऊब

यंत्रावर रक्त धुण्यासाठी मुंबईच्या डॉक्टरांनी गिदोनच्या मनगटावर, कातडीबाहेर एक नळी बसवली होती. तिच्यातून रक्त सतत वाहायचं. "नळी गार पडली की रक्त गोठलं समजा," असं त्यांनी बजावलं होतं.

तेव्हापासून केडगावच्या घरी राहेल रोज सकाळी नवऱ्याच्या नळीला गाल लावायची. "गरम हाय का गं?" तो भीत भीत विचारायचा.

आज दफनाच्या पेटीवर झाकण ठेवण्याआधी तिनं शेवटचा गाल टेकवला. हात थंडगार होता. नळी गरम होती.

"व्हय, गरम हाय," तिनं सवयीनं उत्तर दिलं.

खिळे घेऊन उभा असलेला तिचा दीर याकोब मागं सरकला.

"वैनी, इचारलं कुणी?"