सतरावी साडी

रंभाने अर्धवट संपलेली दोऱ्याची रिळं तराजूत टाकली, तेव्हा भागुबाईला हसू आवरेना.

"आता सुयाबी जोखतीस का काय?"

"सुया मोजून झाल्यात. एकेकीला अकरा," रंभा म्हणाली आणि दोन्ही पारडी सारखी होईपर्यंत हलली नाही.

सोजरबाईला जाऊन महिना झाला होता. खुटबावातल्या गोधडीच्या गटात पाच जणी होत्या, आता चार उरल्या. तिचं सामान गटातच राहावं अशी तिची इच्छा होती, असं तिच्या नवऱ्याने, हौशीरामने सांगितलं आणि सकाळीच पत्र्याची पेटी, शिलाई मशीन आणि साड्यांचं गाठोडं आपल्याच ओसरीवर काढून ठेवलं. माणूस भला. गावात लग्नाचा मांडव घालायचा असो की कुणाची तिरडी बांधून स्मशानात पोचवायची असो, हौशीराम कधी बोलावण्याची वाट बघत नसे.

वाटणी रंभाने करायची, यावर कुणाचं दुमत नव्हतं. रंभा न्यायाला पक्की, आणि ते तिला स्वतःलाही जरा जास्तच ठाऊक होतं. मशीन एकच, म्हणून तिने एकेकीकडे पंधरा पंधरा दिवस लावून दिले. कात्र्या तीन निघाल्या, तर चौथी आपल्या घरची आणून वाटणीत घातली.

मग गाठोडं सुटलं. सोजरबाईच्या गोधड्या हातोहात जायच्या त्या या साड्यांमुळे. बाकीच्या जणी दारोदार फिरून विरलेलं जुनेर गोळा करत, आणि हिच्याकडे बघावं तर कोऱ्या करकरीत साड्या. कुठून आणतेस म्हणून विचारलं की म्हणायची, "पै-पावणं देत्यात." असे पाहुणे आपल्याला का नाहीत, याचा भागुबाईला कायम राग.

साड्या सतरा निघाल्या. चौघींना चार-चार गेल्या आणि एक उरली. हिरवीगार, बारीक जरीच्या काठाची.

गटातल्या गिताबाईने ती उचलली. काठ उलटा करून फॉलची शिवण बघितली. बराच वेळ बघत राहिली.

"ही मला द्या," ती म्हणाली.

"कशी देऊ? तुला पाच व्हतील," रंभा म्हणाली.

"माझ्या चारी घ्या. ही एक द्या."

चार देऊन एक मागणारी बाई भागुबाईने जन्मात पाहिली नव्हती. तिने मान पुढे काढून काठ निरखला.

"चार सोडती म्हंजी जर खरी असणार," ती शेजारच्या तेजश्रीला म्हणाली.

तेजश्री गटात सगळ्यात लहान, पण अडाणी नव्हती. तिने पदर हातात धरून जोखून पाहिला. "व्हय काकू. जड लागतीय."

"जरीचं काय करायचंय मला? जर काढून घ्या पायजे तर," गिताबाई म्हणाली.

"मंग पायजे कशाला?" भागुबाईने विचारलं.

तेवढ्यात हौशीराम चहा घेऊन आला. गिताबाईने साडी त्याच्यापुढे धरली.

"भावजी, ही कुणी दिली व्हती सोजरबाईला?"

"मला काय म्हाईत? बायकांच्या साड्यातलं मला काय कळतंय?" हौशीरामने कप खाली ठेवले आणि म्हशीला पाणी दाखवायचं राहिलंय म्हणून मागच्या दाराने निघून गेला.

रंभाला गिताबाईची दया आली. गावातच दिलेली तिची एकुलती एक लेक वैष्णवी दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून गिताबाईने कुणाकडे काही मागितलं नव्हतं. आज पहिल्यांदाच मागत होती. दोघीच असत्या तर रंभाने साडी देऊन टाकली असती. पण भागुबाई टक लावून बघत होती. रंभाने मैत्रिणीला झुकतं माप दिलं, हे उद्या गावभर झालं असतं. ते रंभाला सोसवणार नव्हतं.

"चिठ्ठ्या टाकू," तेजश्री म्हणाली.

"चिठ्ठीत एकीला मिळंल आन् तिघी कुढत बसतील. त्यापरीस फाडू. चार तुकडं," रंभा म्हणाली.

गिताबाईने तिचं मनगट धरलं. "ताई, फाडू नका. पाया पडते तुमच्या. आज ऱ्हाऊ द्या. दोन दिसांनी बोलू."

"दोन दिसांनी काय बदलणार हाय?" रंभाने हात सोडवून घेतला. "गिताबाई, न्याव म्हंजी न्याव. माझी आई इथं बसली असती तरी मी हेच केलं असतं."

तिने साडीची दोनदा घडी घातली, टोकाला टोक जुळवलं, घडीच्या जागी कात्रीने खाचा दिल्या. मग एक टोक तेजश्रीच्या हातात देऊन दुसरं ओढलं. कापड टरकन फाटलं. गिताबाईने भिंतीकडे तोंड केलं. आणखी दोनदा तोच आवाज झाला.

भागुबाईने आपल्या तुकड्याच्या काठावर नख घासलं आणि तोंड वाकडं केलं.

"कसली जर न् कसलं काय! पिलास्टिक हाय सगळं. एवढ्यासाठी निम्मा दिवस घालवला बाईनं."

तेजश्री फिस्सकन हसली. रंभालाही सुटल्यासारखं झालं. कुणावर अन्याय झाला नव्हता, कुणाचं काही जास्त गेलं नव्हतं. चौथा तुकडा तिने नीट झटकला आणि गिताबाईपुढे धरला.

"घे. चौघींना सारखं झालं. आता तरी सांग, एवढं काय व्हतं हिच्यात?"

गिताबाईने तुकडा मांडीवर घेतला. त्याची हळूहळू घडी घातली.

"वैष्णवीच्या डोहाळजेवणाला घेतली व्हती मी. नेसायच्या आधीच पोर गेली," ती म्हणाली. "तिरडीवर ठेवली तवा मीच घातली तिच्या अंगावर."