रिकामा डबा

शालनच्या कानातलं यंत्र पुन्हा कुजबुजलं, "ऐकलेले शब्द चार: 'हा घ्या तुमचा डबा.' बाकी गोष्ट तुमची."

"मेल्या, गप बस!" शालन पुटपुटली. करंज्यांनी भरून दिलेला डबा धाकट्या जावेनं, हेमांगीनं, रिकामा परत आणला होता. चिमूटभर साखरसुद्धा नाही! यात गोष्ट कसली? हल्ली धड रुसताही येत नाही; मनात राग उगवला रे उगवला, की हे यंत्र तो मुळासकट उपटतं.

"जाऊबाई, रागावलात?" हेमांगीनं दारातूनच विचारलं.

"छे गं."

हेमांगीनं कान चाचपला. "माझं यंत्र म्हणतं, शब्द दोन, राग नाही. मग तोंड का असं?"

शालननं यंत्र उपसून डब्यात टाकलं. "तुझंही टाक. मग बोलू."

हेमांगीचं यंत्र खणकन पडलं. "तुम्हीच म्हणालात ना, 'उरल्यात, घेऊन जा'? उरलंसुरलं घ्यायला मी कोण?"

"अगं, म्हणायची रीत असते ती!" शालन ओरडलीच. "पहिला घाणा देवाच्याही आधी तुझ्यासाठी काढला होता!"

डब्यातून दोन बारीक आवाज शब्द मोजत राहिले. शालननं झाकण दाबून बसवलं.