सातवे नाव

सफारीचा अर्ज देताना कारकुनाने बजावले, “जीपमध्ये सहाच जागा. शिक्का बसला की नाव बदलत नाही.” सहलीला घरातून आले होते सातजण. दिराने अर्ज वहिनीपुढे सरकवला. “अक्षर तुमचंच सुंदर. आम्हा सहाजणांची नावं लिहा. तुम्हाला वाघ कशाला? तुम्ही लेणी बघा, दगडांशी तुमचं जमतं.” “शिवाय सामान राखायला कुणीतरी हवंच,” धाकटी जाऊ हसली. मागच्या सहलीतही सामान वहिनीनेच राखले होते. तिने नवऱ्याकडे पाहिले. तो भिंतीवरच्या मंदिराच्या छायाचित्रात एकाएकी गढून गेला होता. वाघ म्हणा की वाघोबा, तो खातोच, हे चौदा वर्षांनी तिला पटले. तिने वळणदार अक्षरात सहा नावे लिहिली. शिक्का उमटला. अर्ज वाचून दीर ओरडला, “माझं नाव कुठंय?” तिने बॅगांच्या किल्ल्या त्याच्या तळहातावर ठेवल्या. “लेणी सुंदर आहेत, भावोजी.”