दुसरा कप

लाईट गेली आणि सगुणाबाईला आनंद झाला.

लाईट गेली म्हणून खूश होणारी अख्ख्या पिंपळगावात ती एकटीच असेल. पण गेले एकवीस दिवस ती याचीच वाट बघत होती. बद्रीनाथ जहाजावरून सुटीवर आला, त्याच दिवशी त्याने बॅगेतून पाणी तापवायची कॉइल काढली, आतल्या खोलीला कडी लावली आणि स्वतःचा चहा स्वतः करून प्यायला. तेव्हापासून रोज तेच; ऐन चहाच्या वेळी लाईट कधी गेलीच नाही. पूर्वी हाच पोरगा गल्लीच्या तोंडापासून ओरडत यायचा, "माय, चहा टाक!" आता तिने हाक मारली की कडीच्या आतून उत्तर यायचं, "माझा झाला."

जहाजावर पाहुण्यांच्या खोल्या झाडता झाडता पोरगा स्वतःच साहेब झाला, असं तिने मनाशी धरलं. आईच्या चहाला आता धुराचा वास येत असणार, दुसरं काय! राग येत होता, पण त्याहून वाईट जास्त वाटत होतं. नवरा पोळ्याला वारला, आता शिमगा आला. घरात चहा मागणारं दुसरं होतंच कोण? पहिल्या दिवशी ती लेकाच्या गळ्यात पडून रडली, तर हा धोंड्यासारखा नुसता उभा राहिला.

आज तो परत निघाला होता. आठच्या गाडीने भोकरदन, तिथून जालना, मग मुंबई. बॅग उंबऱ्याशी भरून ठेवलेली. सगुणाबाईने घाईघाईने चुलीवर दूध ठेवलं, आलं ठेचलं. आज तरी तो आपल्या हातचा घोट घेऊन जाईल.

कडी वाजली. बद्री बाहेर आला. एका हातात स्टीलचा मग, दुसऱ्या हातात दोन कप.

"माय, वाईच गरम पाणी दे. कॉइल बंद पडली."

"पाणी कशाला? चहाच होऊन राह्यला."

"न्हाई. पाणीच दे."

सगुणाबाईचं तोंड एवढंसं झालं. तिने पाणी तापवून दिलं. त्याने मगात चिमूटभर पत्ती टाकली, साखर टाकली आणि दोन्ही कप भरले. दुसरा आपल्यासाठी असेल असं वाटून तिने हात पुढे केला. बद्रीने तो कप तिला दिला नाही. समोरच्या रिकाम्या पाटापुढे ठेवला.

"दूध?" तिने विचारलं.

"कोराच पितो."

"कोरा? आरं, कोरा चहा सुतकाच्या घरी पितेत!"

"म्हाईत हाय."

तो खाली बघत बोलायला लागला. "आबा गेल्याचा निरोप आला तवा जहाज दर्यात व्हतं. आबाला जाऊन चार दिवस होऊन गेल्ते. उतरावं तर जमीन न्हाई. वर पाहुणे नाचून राह्यले, अन् मी खाली त्यांच्या चादरी बदलून राह्यलो. मंग ड्युटी सुटली की आपल्या कॅबिनीत यायचं, कॉइल लावायची. तिथं कॉइलला बंदी हाय, चोरूनच लावायची. कोरा चहा करायचा. दोन कप. एक माझा. अन् दुसरा, कोणी बसायला आलं तर असावा म्हणून."

"आलं का कोणी?"

"कोणाला सांगितलंच न्हाई, तर येईल कोण? दोन्ही मीच प्यायचो." त्याने कप हातात फिरवला. "धा दिवस सुतक धरलं. पण फिटलं म्हणून सांगायला कोणी पाहिजे ना, माय? कोणी सांगितलं न्हाई. मंग चालूच राह्यलं."

इथे तेव्हा सगुणाबाईकडे गावोगावची माणसं दुखवट्याला बसायला आली होती. जी आली तिच्या गळ्यात पडून ती रडली, रडून रडून थोडी तरी हलकी झाली. तेराव्याला भावाने बळेच तोंडात गोड घास घातला. लेक येऊ शकला नाही, याचं दुःख तिने दहा जणींना सांगितलं. पण त्याच्याकडे बसायला कोण गेलं असेल, हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं. ते आज आलं.

तिने दूध चुलीवरून उतरवून ठेवलं. उठली आणि बॅग ओलांडून दाराबाहेर गेली. बाहेर तिने डोक्यावरून पदर ओढून घेतला. मग परकं माणूस सुतकाच्या घरात येतं तशी, न बोलता, मान खाली घालून आत आली. रिकाम्या पाटावर बसली. पुढ्यातला कप उचलला. साखर असूनही चहा कडू लागला.

"मला यायला लई उशीर झाला, बद्री."

बसायला आलेलं माणूस पहिल्यांदा जे विचारतं, तेच मग तिने विचारलं.

"कसं झालं रे बाबा हे?"

बद्रीने सांगायला तोंड उघडलं. सांगण्यासारखं त्याच्याकडे काहीच नव्हतं. तो होताच कुठे? ओठ नुसते हलले, हातातला कप खाली सांडला आणि आईच्या मांडीवर डोकं टाकून तो लहान पोरासारखा हंबरडा फोडून रडला. तिने त्याला उगी केलं नाही. पाठीवर हात तेवढा ठेवला.

वेशीत आठच्या गाडीने हॉर्न दिला. पुन्हा दिला. दोघांतलं कोणीच उठलं नाही.

बऱ्याच वेळाने त्याने बाहीला तोंड पुसलं. दोन्ही कप मोरीत नेऊन विसळले आणि पालथे घातले. चुलीपुढे येऊन बसला.

"माय," तो म्हणाला, "चहा टाक."