पालथी पाटी

"असला कोळी म्या कधी बघितला न्हाय, पोरी," तानूमावशी चौथ्यांदा म्हणाली. दगडावर मासळीची पाटी पालथी घालून ती शेजारी फाटलेलं जाळं सांधत बसली होती.

तीन दिवस मी नदीचा हा खडकाळ पट्टा पिंजून काढला होता. पाण्यावर धावत जाऊन मासे पकडणारा हा आठ पायांचा कोळी एवढ्याच मैलभरात राहतो. दुसऱ्या कुठल्या नदीत तो कुणाला सापडलेला नाही.

मी चिडून वही मिटली. "नाही दिसला, असंच अहवालात लिहिते. बंधारा झाला की हे दगड जातील पाण्याखाली. दिसला असता तर काम अडवता आलं असतं."

मावशीचे हात थांबले. "म्हंजे तू त्याला न्यायला न्हाय आलीस?"

"वाचवायला आलेय."

तिने हळूच पाटी उचलली. खाली तळहाताएवढी मादी बसली होती, अंड्यांची पांढरी गोळी तोंडात धरून.

"अंडी तोंडात हायत तवर ती खाईत न्हाय. आमी भोई बाळंतिणीच्या दगडावर मासळी धूत न्हाय. मागं एकानं अशीच एक बाटलीत बुडवून नेली."

मी घाईने कॅमेरा काढला आणि पिशवीतली माझी नमुने बुडवायची स्पिरिटची बाटली घरंगळत मावशीच्या पायाशी गेली.

मावशीने पाटी परत पालथी घातली.

मी बाटली उचलून तिच्याच हातात दिली. "ठेव तुझ्याकडे. फोटोवर भागवते."

तिने बाटली जाळ्याखाली सारली. मग पाटी उचलून माझ्या डोक्यावर धरली.

"सावली करते. काढ निवांत."