हनीफचाचा पास

"पोरी, वर्ष सरलं की माझी बेल वाजवायला कोण येणार नाही. तू वाजव हां," खालच्या मजल्यावरचे हनीफचाचा म्हणाले. मी बाळाचा ताप बघत होते, हो हो म्हणून मोकळी झाले.

बलदमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या अरब शहरात, जिन्याखाली झोपणाऱ्या चाचांना एका संस्थेनं खोली दिली होती. चाचा वर्षभर तिथं टिकले, तरच देणगीदार संस्थेला पैसे देणार. म्हणून संस्थेचा नबील रोज यायचा, चहा प्यायचा, गोळ्या द्यायचा. वर्ष भरलं. "खलास, चाचा पास!" म्हणून गेला.

काल चाचा पुन्हा त्याच जिन्याखाली, पथारी पसरून.

"चाचा, इथं कशाला?"

"पास झाल्यापासून बेल वाजली नाही, पोरी. आता नापास होतो. बघ नबील कसा धावत येतो!"


तुमच्या खालच्या मजल्यावर कोण राहतं? साखर मागायच्या निमित्तानं का होईना, बेल वाजवून या.