चौपदरी तार

मार्लिसने जोर दिला एकाच बोटाला, आणि लॅपटॉपमधले चारही आवाज एकदम छाती फुगवून ओरडले.

"बोलावलं एकाला, धावत आलं अख्खं गाव," आर्डिस म्हणाली. विणकामावरची नजर तिने वर केली नाही.

"तू गप गं जरा."

"मी गप्पच आहे. पन्नास वर्षं इथल्या गायकवृंदात आल्टो गातेय मी, वरच्या सुरांखाली दबलेला मधला सूर. या चर्चमध्ये माझ्याइतकं गप्प दुसरं कोण आहे?"

चर्चच्या तळघरात दोघी बहिणी सकाळपासून बसून होत्या. वरचा जुना ऑर्गन, उंदरांनी भाते कुरतडल्यापासून, म्हणजे नोव्हेंबरपासून मुका होता. चाळीस वर्षं तो वाजवणाऱ्या मार्लिसने हिवाळाभर खपून लॅपटॉपवर नवं वाद्य रचलं होतं. पडद्यावर खोकी, खोक्यांना जोडणाऱ्या रंगीत तारा, आणि टेबलावर एक कीबोर्ड. चार वाजता पास्टर होकन्सन ऐकायला येणार होते. पसंत पडलं तर उद्याच्या प्रार्थनेला हे वाद्य, नाहीतर यापुढे कायमचं रेकॉर्डिंग. आणि आत्ता पावणेचार वाजले होते.

मार्लिसचा सगळा जीव त्या कीबोर्डात अडकला होता. ऑर्गनची पट्टी एकदा दाबली की दाबली. मग तिच्यावर हत्ती आणून बसवा, आवाज तेवढाच. या कीबोर्डाची पट्टी खाली गेल्यावरसुद्धा बोटाचा जोर ओळखायची, आणि तोही प्रत्येक बोटाचा निराळा. म्हणजे चार सूर एकत्र चालू असताना त्यातला एकच, मधला, दबलेला, हवा तेव्हा वर काढता यायला हवा होता. चाळीस वर्षं तिला हेच हवं होतं. आणि कीबोर्डावर नेमकं तेच होत नव्हतं.

"पास्टर काय म्हणतील सांगू?" आर्डिसने सुई थांबवली. "म्हणतील, 'वेगळंच आहे हो.'"

मिनेसोटात कुणी ताटातलं चाखून 'वेगळंच आहे' म्हणालं, की तो पदार्थ पुन्हा कधी करायचा नसतो.

तिने सगळं तिसऱ्यांदा तपासलं. कीबोर्ड ठीक. आवाज ठीक. तर्जनीला जोर दिला की पुन्हा चौघांची बोंब. तिला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं होतं.

आर्डिस कॉफी आणायला उठली, आणि जाता जाता चष्मा नाकावर ओढून पडद्याशी वाकली.

"ही लोकर कसली?"

"लोकर नाही ती, तार आहे."

"असेल. पण ही निळी बघ. कीबोर्डातून निघते तेव्हा चांगली जाड आहे, चौपदरी. या खोक्यात शिरते, आणि बाहेर पडते ती एकपदरी. मधले तीन पदर कुणी खाल्ले?"

मार्लिसने पाहिलं, आणि ती खुर्चीतून उडालीच. जाड तार म्हणजे चार बोटांचे चार निराळे जोर. बारीक तार म्हणजे चौघांचा मिळून एक. ते खोकं तिनेच परवा मध्ये बसवलं होतं, जोरातले झटके गुळगुळीत करायला. तिची बोटं हल्ली थरथरायची, ते कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

"आर्डिस! अगं, सोन्याची आहेस तू!"

"आधी वाजव. मग काय ते कौतुक कर."

मार्लिसने खोकं काढून टाकलं आणि तार सरळ जोडली. या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड. तिने श्वास घेतला, उद्याचं स्तोत्र सुरू केलं, आणि दुसऱ्या ओळीवर तर्जनीला हळूच जोर दिला.

तीन आवाज जागच्या जागी राहिले. त्यांच्यामधून चौथा, आल्टोचा, वर आला, एकटा. गोल, भरलेला, आणि थोडा थरथरणारा. थरथर लपवायला आता काही नव्हतं, आणि लपवायची इच्छाही उरली नाही, कारण आर्डिसचा आवाज हल्ली नेमका असाच थरथरायचा. तिने बोट सैल केलं, आवाज मागे गेला. पुन्हा दाबलं, पुन्हा आला! ती लहान मुलीसारखी हसत सुटली, पण हात थांबवला नाही.

आर्डिस कॉफी विसरली. हातात लोकर तशीच धरून ती उभी होती.

"हे माझं आहे," ती म्हणाली.

"मग कुणाचं असणार?"

"इतकं छान होतं?"

मार्लिसने बोट अजून थोडं दाबलं.

जिन्यावर बूट आपटल्याचा आवाज आला, आणि टोपीवरचा बर्फ झटकत पास्टर होकन्सन आत शिरले.

"काय मग, मार्लिसबाई, जमलं का काही? मला वाटतं, आपण—"

आर्डिसने मागे न बघता विणायची सुई वर उगारली.

"बसा खाली, पास्टर. माझं कडवं चाललंय."